दहा नटांची शर्यत

कॉम्प्रेसरची एक खोड असते. टाकीत हवा भरली की तो न सांगता-सवरता एकदम बंद होतो. ही गोष्ट नूरीनला त्या दिवशी कुणीतरी आधी सांगायला हवी होती!

उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या ट्रेलर यार्डाला लागून असलेल्या त्या टायरच्या गॅरेजात ती पहिल्यांदाच आली होती. खांद्याला चाकाचे नट खोलायच्या बॅटरीच्या गनची पेटी, कानाला फोन, आणि समोर कॉम्प्रेसरचा असा धडधडाट की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. मग काय, मैत्रिणीला, कैनातला, ती बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होती, "अगं, कसला म्हातारा डबा वापरतोय हा माणूस! पण मालक दिसायला मात्र..."

खट्! कॉम्प्रेसर बंद. गॅरेज चिडीचूप.

"...एकदम झकास आहे!"

सुटले ते शब्द सुटलेच. समोरच्या ट्रेलरच्या चाकापाशी वाकलेला तरुण उठला. हातात कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी गन, गालावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"डब्याचं वय बारा. मालकाचं अठ्ठावीस. नाव अम्मार," तो म्हणाला. "अजून काय माहिती पायजे?"

नूरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोटासाठी आलेली पोरगी ती, पळून कशी जाणार? तिने पेटी उघडली आणि कंपनीने शिकवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "बघा अम्मारभाई, ना पाईप, ना आवाज, ना टाकी. चार्ज करा, उचला, कुठेही न्या."

"पयली गोष्ट, भाई नको," तो म्हणाला. "दुसरी, ही बॅटरी दुपारी मान टाकणार. माझी हवेची गन दिवसभर चालवा, हाताला गार लागते. वजनाला बघा. धरा तर!"

तिने धरली. खरंच हलकी होती. आणि देता-घेता बोटाला बोट लागलं... दोघांनीही ते लागलंच नाही असं दाखवलं.

त्या दिवशी ती गेली आणि चार्जर तिथेच राहिला. तो न्यायला परत आली, पुन्हा वाद घातला, आणि चार्जर पुन्हा राहिला. "चार्जर विसरणारी पोरगी बॅटऱ्या विकते!" अम्मार चिडवायचा. पण बोलता बोलता कामातली खुबीही सांगायचा. इथे खाडीची दमट हवा, टाकीत पाणी साठतं. ते रोज सकाळी आठला खालचा कॉक उघडून काढायचं. नाही काढलं तर गन पाणी थुंकते, जोर जातो. "पाच वर्षांत एक दिवस चुकलो नाय," तो छाती काढून सांगायचा.

आता अडचण अशी, की नूरीनची नोकरी अजून कच्ची होती. साहेबाने स्पष्ट सांगितलं होतं... हौसेराव शेठच्या यार्डाची ऑर्डर मिळाली तर उरणचा एरिया तुझा. नाही तर सोमवारपासून नागपूर ऑफिस! तिने हे अम्मारला सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ हातातला नट नुसताच पुसत बसला होता.

हौसेराव शेठ म्हणजे साताऱ्याकडचा गडी. मार्केटात पाठीवर पोती वाहून वर आलेला, आता चाळीस ट्रेलरचा आणि गॅरेजशेजारच्या त्या यार्डाचा धनी. त्याच्या टायरांचं काम अम्मारकडेच; यार्डासाठी नव्या गन हवेच्या घ्यायच्या की बॅटरीच्या, याचा त्याने आपल्या पद्धतीने निकाल लावायचं ठरवलं. "मला कागदं दावू नगा. एका चाकाला दहा नट. जी गन आदी काढंल, ती घ्येनार. शनवारी सकाळी."

शनिवारी निम्मं यार्ड गोळा झालं. ड्रायव्हर टपावर चढून बसले. एकाच ट्रेलरची दोन चाकं, एकापाशी नूरीन, दुसऱ्यापाशी अम्मार. शेठने शिट्टी फुंकली आणि नूरीनने गनचं बटण दाबलं.

एक नट. दोन. चार. सात! जिंकतेय, अगं बाई, जिंकतेय मी! तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. अम्मार तिसऱ्याच नटावर अडकला होता. त्याची गन फुर्रर्र करून पाण्याचे थेंब उडवत होती.

नूरीनला सगळं कळलं. आज कॉक उघडलाच नव्हता याने!

गप्प राहिली असती तर नागपूर टळत होतं. फक्त तीन नट. पण हा माणूस असा, स्वतःच्याच अंगणात, सगळ्यांसमोर हरलेला तिला बघवेना. तिने गनचं बटण सोडलं.

"थांबा! शेठ, ही शर्यत खोटी आहे. टाकीत पाणी राहिलंय. ते काढा आणि पुन्हा घ्या."

"येडी का काय तू पोरी?" शेठ म्हणाला. "जिंकलीस की!"

"असं नाही जिंकायचं मला."

कॉक उघडला. तांबूस पाणी भसाभसा वाहिलं. टाकी पुन्हा भरली, नट पुन्हा आवळले, शिट्टी पुन्हा वाजली. आणि या वेळी हवेची गन अशी सुटली, की नूरीनचा दहावा नट हलायच्या आत अम्मारचा जमिनीवर पडला होता.

"हवेची गन!" शेठ गरजला. नूरीनने गन पेटीत ठेवली. करंजाड्याचं घर, अम्मी, ही गॅरेजची वाट... सगळंच सोमवारी सुटणार होतं.

"शेठ, थांबा जरा," अम्मार म्हणाला. "परवा जासईच्या रस्त्यात टायर फुटून तुमचा ट्रेलर बसला. तिथं काय कॉम्प्रेसर डोक्यावर नेऊ? दोन तास हातानं पाना मारला मी. शेडमधी हवाच पायजे. पण रस्त्यावर आणि यार्डाच्या त्या टोकाला यांचीच गन लागणार. एकीवर नाय भागणार तुमचं."

शेठने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आरं, महिनाभर भांडत हुता, आन् आता एकमेकाचीच वकिली? बरं, दोनी घ्येतो!"

यार्डात शिट्ट्यांचा एकच गजर झाला. नूरीनला नाचावंसं वाटत होतं! गर्दी पांगली, टपावरचे काही ड्रायव्हर तेवढे राहिले, तेव्हा ती कॉम्प्रेसरपाशी आली.

"पाच वर्षांत एक दिवस चुकला नाहीत. मग आजच कसं?"

अम्मार मान खाली घालून हात पुसत राहिला. "आठ वाजता वाकलो होतो... कॉकला हात लावला, आणि गेटवर तुमची स्कूटर दिसली. म्हटलं, ही बहुतेक शेवटचीच. बघतच राहिलो." त्याने मान वर केली. "आवडता तुमी मला, नूरीन. लई."

ती झटकन वळली आणि तिने स्कूटर सुरू केली.

"अहो, चार्जर! आजही विसरताय!"

"फक्त पहिल्यांदा विसरले होते, अम्मार," ती म्हणाली, आणि तेवढ्यात कॉम्प्रेसर धडधडायला लागला. "नंतर मुद्दाम ठेवत होते!"

"काय?"

"मला पण तुम्ही..."

अम्मार धावत गेला आणि त्याने खट्कन बटण बंद केलं. गॅरेज चिडीचूप. टपावरचे ड्रायव्हर कान देऊन बसलेले.

"आता बोला," तो म्हणाला.

नूरीनने एकदा टपाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग स्कूटर बंद केली आणि अर्धं राहिलेलं वाक्य साऱ्या यार्डाला ऐकू जाईल असं पूर्ण केलं.