सातवी कोलांटी

चहा ओता आणि बसा जरा. उद्या हशर आहे, सगळ्या मोहल्ल्याने मिळून पाटातला गाळ काढायचा, आणि आज एकाची कंबर धरलीय, दुसऱ्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालंय! फावडं दिसलं की तुम्हाला बरी दुखणी आठवतात. नका येऊ. पण आधी होशीमचं ऐका. माझा दोस्त होता. त्याने मला हे याच बाजेवर बसून सांगितलं.

आपल्या गल्लीतला पाट तेव्हा नुकताच झाकला होता. वर लाद्या, लाद्यांवर मोटारी. आपला मिराब, पाण्याचा पाटकरी योल्दोश-अका, ओरडून ओरडून थकला. "अरे, उघड्या पाण्याला माणूस लाजतो. झाकलेल्याला कोण लाजणार?" आम्ही हसलो. म्हाताऱ्याला काम उरलं नाही म्हणून कुरकुरतोय, म्हणालो.

मग होशीमने नवं घर बांधलं. संडासाला शोषखड्डा खणायचा, तर अंगण उकरावं लागणार, नवी द्राक्षाची वेल जाणार. त्याने सरळ पाइप नेऊन लादीखाली पाटात सोडला. वर म्हणतो कसा, "सात कोलांट्या खाल्ल्या की पाणी पाक होतं. वाडवडील काय खुळे होते?" वाडवडील खुळे नव्हते. ते दगडांवरून, उन्हातून वाहणाऱ्या पाण्याबद्दल बोलत होते. लादीखालच्या अंधारात पाणी कुठली कोलांटी खाणार?

पाट जिथे पुन्हा उघडा होतो तिथेच योल्दोश-अकाचं घर. त्याची नात ओयनिसो, सहा वर्षांची. निळा पियाला घेऊन दिवसभर तिथे. कडेचा टवका उडालेला. बाहुलीला पाणी पाजायची, मग स्वतः प्यायची. सप्टेंबरात पोरीला कावीळ झाली. एकोणीस दिवसांत गेली.

मिराबने तो पियाला उंबऱ्यावर आपटून फोडला. तुकडे आम्ही सगळ्यांनी पाहिले. मग तो दारोदार फिरला. "पाइप कुणाचा आहे? शिवी देणार नाही. फक्त बंद करा." होशीमने नानवर हात ठेवला. भाकरीवर! "शपथ, अका, माझा नाही." जानेवारीत म्हातारा गेला.

आता ती रात्र. गेल्या वर्षीची, अकरा एप्रिल, शुक्रवार, पावणेदोन वाजलेले. डोंगराकडे पाऊस लागला होता. अशा वेळी गल्लीच्या वरच्या तोंडाशी जाऊन फळी ओढायची, म्हणजे लोंढा पाटात न शिरता ओढ्याला जातो. मिराब गेल्यापासून घराघराला पाळी लावली होती. त्या रात्री होशीमची. छत्री घेतली, बायकोला म्हणाला, "दहा मिनिटांत आलो, चहा ठेव."

तो पोचला तेव्हा फळी आधीच ओढलेली होती.

पाटाच्या तोंडच्या जाळीत अडकलेला कचराही काढून बाजूला नीट रचलेला. आणि पाटाच्या काठी कुणीतरी उकिडवं बसलेलं. पाठमोरं. शेजारी कंदील. पावसात कंदील, आणि ज्योत हलत नव्हती...

ते काहीतरी धूत होतं.

"कोण आहे?"

मग मोजणं ऐकू आलं. हळू.

"एक... दोन... तीन..."

होशीमने आवाज ओळखला.

"चार... पाच... सहा."

थांबलं.

"तुझ्या दारापासून सहा घरं, होशीम. सातवी कोलांटी माझ्या दारात."

"अका..."

"पाइप कुणाचा?"

पोरांनो, तेव्हा तरी खरं बोलावं की नाही? मेलेला माणूस समोर बसलाय! पण खोटं एकदा नानवर बोललं की जिभेला तीच वाट माहीत असते. होशीम म्हणाला, "माहीत नाही, अका."

कंदील विझला.

पहाटे होशीमच्या उंबऱ्यावर निळा पियाला होता. कडेचा टवका उडालेला, बाकी अखंड. काठोकाठ नितळ पाणी.

तो घेऊन माझ्याकडे आला. मी म्हणालो, ओढ्यात फेक. त्याने फेकला. पाइप मात्र तसाच ठेवला, कारण बंद करायचा तर लादी उचलावी लागणार, आणि लादी उचलली की गल्लीला कळणार. या फेब्रुवारीत तोही गेला. तुम्हीच खांदा दिलात.

हसू नकोस रे अन्वर, संपलं नाही अजून.

तो पाइप पुरायला दोन माणसं लागली. एक खणत होता. दुसरा कंदील धरून उभा होता. तो मी. मिराब माझ्याही दारी आला होता, मीही 'नाही' म्हणून मान हलवली होती. सहा वर्षांची पोर होती, आणि मी तिच्या जनाज्यात पहिल्या रांगेत उभा राहिलो. थू माझ्या तोंडावर.

उद्या पहिली लादी होशीमच्या दारासमोरची काढा. जागा मी दाखवतो.

आजच का बोललो? ती माझी टोपी उचल. सावकाश, सांडेल, काठोकाठ भरलाय... आज पहाटे हा निळा पियाला माझ्या उंबऱ्यावर होता. पाणी ओतून टाकून, कोरडा पुसून मी तो टोपीखाली पालथा घातला होता.