तळ्यावरून जाणारा रस्ता

"पुतळाबाईची खार? मॅडम, आमच्या नकाशात पुतळाबाई नाहीत!" खिडकीमागचा तरुण हसला आणि निशाचा पारा चढला.

अंजूरहून ती भिवंडीच्या नगररचना कार्यालयात आली होती. नव्या आराखड्यातला रस्ता थेट गावच्या तळ्यावरून जात होता, आणि हरकत नोंदवायला आठच दिवस उरले होते. तिच्या हातात गावातल्या एकोणचाळीस जणांचे अर्ज. प्रत्येकाने जमिनीचं नाव घरात बोलतात तसंच लिहिलेलं... सर्व्हे नंबर एकाचाही नाही!

"हसताय काय? पुतळाबाई माझी आजी. खार म्हणजे तिची खाडीकाठची भातजमीन."

"सॉरी." तो ओशाळला. कुणाल त्याचं नाव, तिथे नकाशे काढायचा. "असे दिलेत तर बाद होतील. रविवारी मी नकाशा घेऊन येतो. तुम्ही नावं सांगा, मी नंबर घालतो."

"ही पण ड्युटीच का?"

"नाही ना... म्हणून तर येतो."

आणि आला की! धुक्यातून दोघं बांधाबांधाने हिंडले. ती नाव सांगायची, तो नंबर लिहायचा. मध्येच तिच्याकडे बघत राहायचा नि पाय चिखलात घालायचा.

"नकाशा हातात आहे, माझ्या तोंडावर नाही," ती म्हणायची.

दुपारी मात्र त्याने नकाशा मिटला. "निशा... तळं वाचलं तर रस्ता वरच्या अंगाने वळेल. तिथे तुमचं शेत आहे."

तिने वळून वरच्या शेताकडे पाहिलं. पण त्याने लपवलं नाही, म्हणून तो तिला जास्तच आवडला. घरी तिने वडिलांना, म्हणजे भाऊंना, सगळं सांगितलं. ते ऐकून उठले नि शेताकडे चालू लागले.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, "मग रस्ता न्यायचा कुठून?"

निशा हातातले अर्ज चाळू लागली. मागून भाऊ उठले. "आमच्या शेतातून न्या सायेब. तळं गावाचं हाय, एकट्याचं न्हाय."

चार महिन्यांनी निर्णयाचा कागद घेऊन कुणाल स्वतःच दारात आला. तळं वाचलं होतं. निशा हसली, मग शेताकडे बघून तिला रडूच आलं.

"भाऊ आहेत? मला... काहीतरी मागायचं होतं."

"आत्ताच शेत गेलं त्यांचं! अजून काय मागतोस?"

"तुला."

तिने डोळे पुसले. "आज नको रे. एकाच दिवशी शेत नि पोरगी... बापाने सोसायचं तरी किती? परवा ये. माझा होकार तेवढा आजच घेऊन जा."