मोकळ्या पाण्याचा गोल

तलावावर जलपर्णी काढायचं मशीन आणायचं म्हणता, आणा. मी आडवा येणार नाही. फक्त मला तिथं बोलावू नका. आणि का ते विचारलंच आहे, तर बसा, चहा होईपर्यंत सांगतो.

आमचं गाव उमरग्यापासून आत, कर्नाटकच्या हद्दीला चिकटून. साठवण तलाव जलपर्णीनं पुरता झाकला गेला, तेव्हा गावानं ती हातानंच काढायचं ठरवलं. वर हिरवंगार रान, खाली मुळ्यांचा काळा गुंता आणि सडक्या पाण्याचा वास. माझा धाकटा भाऊ विरेश सगळ्यांच्या पुढं. उपटलेलं प्रत्येक झाड तो काठावर पालथं ठेवायचा, मुळ्या वर करून. तसं ठेवलं की ते वाळतं. सरळ पडलं तर मेलं म्हणता म्हणता पुन्हा जीव धरतं. बाकीचे नुसते ढीग टाकायचे आणि हा त्यांच्यावर खेकसायचा.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग आमच्यात कधी उतरवत नाहीत. माणूस गेला की त्याला खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात आणि पुरतात. त्या दिवशी विरेशनं ते उतरवलं. दोरा कुजला होता, चिखलात पडेल म्हणून लिंगाची चांदीची डबी त्यानं काठावरच्या बेशरमाच्या झुडपाच्या फांदीला अडकवली. मग पाण्यात उतरला, मुळ्यांखाली गेला, तो वर आला नाही. गळ टाकले, पाणबुडे आले. देह सापडला नाही. डबी मात्र फांदीलाच होती.

नंतर तलावाकडं कुणी फिरकेना. मी एकटाच दाताळं घेऊन जायचो. मला कसला आलाय स्वच्छ तलाव, मला माझा भाऊ हवा होता. अव्वा, म्हणजे आमची आई, ती डबी घेऊन दारात बसलेली असायची. "घावला?" एवढंच विचारायची. मी दाताळं घेऊन पुन्हा तलावाकडं वळायचो.

जितकं काढावं तितकं वारा पुन्हा आणून भरायचा. एक जागा तेवढी भरत नव्हती. काठापासून थोडा आत, काळ्या पाण्याचा एक गोल होता. माणूस मांडी घालून बसेल एवढा. मग एका सकाळी मला काठावर जलपर्णीची ओळ दिसली. मी न काढलेली. ओलीचिंब. प्रत्येक झाड पालथं, मुळ्या वर.

अव्वाला सांगितलं. वाटलं, मला वेड्यात काढेल. ती उठून चपला शोधू लागली.

"त्याचं त्याला द्यायला पायजे, सोमलिंगा. रिकाम्या हातानं बसलंय माझं लेकरू..."

"अव्वा, त्यो अजून घावला न्हाय. आता दिलं म्हंजे पुरल्यागत झालं."

"व्हय. पुरायलाच चाललेय."

माझी आशा तिथंच मेली.

उन्हं कलताना आम्ही दोघं पाण्यात उतरलो. मी तिचा दंड धरला होता. वारा पडला होता, बेडूकसुद्धा गप्प होते. डबीला एक पोचा होता, लहानपणी विरेशनं ती दगडावर आपटली होती त्याचा. गोलावर वाकून अव्वानं ती पाण्यात नेली. तो पोचा बुडताना मी या डोळ्यांनी पाहिला.

तिचा हात वर येईना.

"अव्वा, सोड की..."

"म्या कवाच सोडलंय," ती कुजबुजली. "हात त्यानं धरलाय..."

मी तिला जीव खाऊन ओढलं. माझाच पाय घसरला, गळ्यापर्यंत पाणी आलं, गार मुळ्या मानेभोवती फिरल्या. मग तिचा हात सुटला.

घरी येऊन अंघोळ केली, पूजेला बसलो. गळ्यातली डबी हातात घेतली आणि अंगठा पोच्यावर गेला.

दोराही कुजकाच होता.

म्हणजे माझं लिंग खाली त्याच्या तळहातावर आहे. आईनं स्वतःच्या हातानं पुरलं ते मला. तुमच्यासमोर बसतो, चहा पितो, पण कुणी हाक मारली की ओ द्यावी का, असं होतं मला. अव्वाला यातलं काही सांगितलेलं नाही. विरेश सुटला म्हणून ती आता गाढ झोपते. ती झोप मोडायची माझ्यात हिंमत नाही. तलावाकडं तर मी तेव्हापासून पाहिलेलंही नाही.

आज सकाळी तुम्ही बांधावरून फोटो काढलात ना? दाखवा बरं जरा. मोठा करा.

हा बघा, हा विरेशचा गोल.

आणि त्याला लागून हा दुसरा... हा तेव्हा नव्हता.