फितूर डावा बॅक

"या कचेरीत आलेलं एकही रहस्य न सुटता परत गेलेलं नाही," वामनरावांनी ठणकावून सांगितलं.

यात तसूभरही खोटं नव्हतं. वाशीतली ही कचेरी उघडून अकरा दिवस झाले होते, आणि आजवर आत आला होता तो फक्त एक कुरिअरवाला. तोही शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारायला.

समोरचा तरुण या आकडेवारीच्या खोलात शिरला नाही. त्याचं नाव धम्मपाल. सकाळी शाळेत पी.टी. शिकवायचा, संध्याकाळी चिंचखार गावच्या फुटबॉल संघाचा कोच असायचा.

"चार-तीन-तीन फॉर्मेशन लावलंय," तो म्हणाला. "प्रॅक्टिसला मख्खन चालतं. मॅचमध्ये बोंबलतं. तीन मॅच हरलो, सगळे गोल डाव्या बाजूने खाल्ले. तिथे कान्हा आहे, डावा बॅक. पुढे हवा तेव्हा मागे, मागे हवा तेव्हा पुढे. उजवीकडे धर्मराज तेच काम चोख करतो. तो माझ्याच बिल्डिंगमधला, कोपरखैरण्याचा."

"आणि कान्हा?"

"गावातला. पण त्याची सासुरवाडी पलीकडच्या गावात, आणि रविवारी सेमीफायनल त्यांच्याशीच. गाव म्हणतंय, पोरगा फितूर झाला. आज सहा वाजता यादी द्यायचीय. नाव खोडलं, तर त्याला गावात तोंड दाखवता येणार नाही. ठेवलं आणि हरलो, तर मला."

"सासरा," वामनराव गंभीरपणे म्हणाले. त्यांच्या मते प्रकरण इथेच संपलं होतं.

कचेरीतल्या त्यांच्या भागीदार चांगुणाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेली बाई; माणूस चढतानाच तो कुठे उतरणार हे ओळखायची. वामनराव त्याच डेपोत हजेरी लिहायचे.

"मॅच कधी हातची जाते?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"दोनदा दुसऱ्या हाफात. एकदा पहिल्याच."

तासाभरात तिघं चिंचखारच्या मैदानावर होते. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला खाडी. सगळी पोरं डोंगराकडच्या गोलात बॉल मारत होती.

"तो गोल रिकामा का?" वामनरावांनी खाडीकडे बोट दाखवलं.

"तिकडं मारला का बॉल चिखलात," कप्तान हरेश म्हणाला. गावात त्याचं रेती-सिमेंटचं दुकान. बोलणंही तसंच, घमेल्यातून ओतल्यासारखं. "तीन गेले. म्हनून प्रॅक्टिस डोंगराकडंच."

"मॅच कुठे होतात?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"सगल्या हितंच. टॉस जिंकला का पयले डोंगराकडं हल्ला. सवय हाय ना. मग दुसऱ्या हाफात पोरं दमतात."

"एक मॅच तर पहिल्या हाफात गेली."

"त्या दिशी टॉस हरलो. सुरुवातच खाडीकडं तोंड करून." हरेशने खांदे उडवले. "टेन्शन घेऊ नका, बाई. कान्हाला काढा, संपला विषय."

कान्हा मैदानावर नव्हता. फितूर म्हटल्यापासून तो फिरकलाच नव्हता. त्याच्या घरी आई, मालतीबाई, ओट्यावर सुकट निवडत होत्या.

"कान्हा? खाली गेलाय."

वामनराव आत डोकावले. घर बैठं होतं. जिन्याचा पत्ता नव्हता.

"भाऊ, घरात काय शोधता? खाली, होडीपाशी. आनि तिथं नसला, तर वर गेला असंल, मामाकडं, महाप्याला."

मालतीबाईंनी दिलेला चहाचा कप चांगुणाबाईंच्या ओठांपाशी थांबला. मग त्यांनी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

कान्हा होडीपाशीच सापडला.

"मी फितूर?" तो म्हणाला. "सर ओरडतान तसाच पलतो. गेल्या सालापरत मी गोली होतो, गोल राखायचो. गोलीला कोन कुठं पाठवनार?"

"सरांचं सांगणं कधी चुकीचं वाटलं नाही?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"वाटलं. पन सर शिकलेलं हाय. आपन कशाला डोकं लावायचं?"

"सासरा काय म्हणतो?" वामनरावांनी खडा टाकला.

"म्हनतो, जावय खेलतो चांगला, पन येडा हाय."

साडेपाचला सगळे मैदानावर जमले. मालतीबाईंनी चांगुणाबाईंसाठी प्लास्टिकची खुर्ची दिली होती. बाई बसायला तयार नव्हत्या, त्यामुळे ती वामनरावांच्या हातातच राहिली.

"धम्मपाल, समजा गोल खाडीकडे करायचाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "कान्हाला पुढे पाठवा. मॅचमध्ये ओरडता तसंच ओरडा."

"कान्हा, वर! वर!"

कान्हा गर्रकन वळला आणि जीव खाऊन धावला. डोंगराकडे, थेट स्वतःच्या गोलाकडे.

"बघा," हरेश म्हणाला. "फितूर."

"हरेशशेठ, तुमचं दुकान कुठे आहे?"

"वर. डोंगराच्या अंगाला."

"आणि होड्या कुठे लागतात?"

"खाली," हरेश म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"या गावात वर म्हणजे डोंगर आणि खाली म्हणजे खाडी," चांगुणाबाई म्हणाल्या. "कोचच्या भाषेत वर म्हणजे पुढे. प्रॅक्टिस फक्त डोंगराकडे, म्हणून दोन्ही अर्थ एकच. मॅचमध्ये बाजू बदलली की कान्हा उलटा धावतो. दोनदा दुसऱ्या हाफात. टॉस हरलात तेव्हा पहिल्यात. धर्मराज कोपरखैरण्याच्या सेक्टरातला, त्याचं वर म्हणजे टीव्हीतलं वर. हरेशशेठ, तुम्हीही फसला असतात. पण तुम्ही समोरच्यांच्या गोलापाशीच उभे असता, तुम्हाला कोण हलवणार? आणि कान्हा गेल्या वर्षापर्यंत गोली, म्हणून हे आधी कळलं नाही."

मग त्या कोचकडे वळल्या.

"धम्मपाल, अकरा जणांत तुमचा शब्द न् शब्द पाळणारा हा एकच. त्यालाच तुम्ही फितूर ठरवलंत."

धम्मपालने यादी काढली आणि डाव्या बॅकपुढे कान्हाचं नाव लिहिलं. मग मान वर न करता म्हणाला, "चुकलं माझं, कान्हा. रविवारी मी ओरडेन 'डोंगर' आणि 'खाडी'. चालेल?"

"आता खाडी म्हना, सर."

"खाडी!"

कान्हा सुटला, डाव्या अंगाने पास दिला, आणि हरेशने तो थेट रिकाम्या गोलात मारला. बॉल चिखलात गेला. कोणालाच वाईट वाटलं नाही.

"भाऊ," मालतीबाई वामनरावांना म्हणाल्या, "किती येल धरून उभं हाव? ती खुर्ची खाली ठेवा."

वामनराव मंद हसले. चिंचखारची भाषा आता त्यांना अवगत झाली होती. त्यांनी खुर्ची डोक्यावर घेतली आणि ताठ मानेने खाडीची वाट धरली.

घोट्यापर्यंत चिखल लागला, तेव्हा मागून आवाज आला.

"ओ भाऊ, खाली म्हनजे भुईवर. आना ती परत, आनि येताना धुऊन आना."