डाळिंबी रंगाचा अर्धा तुकडा

"वो लाइववाली बेन कहाँ मिलेंगी?"

हे त्याने मलाच विचारलं. मी स्टुलावर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होते, आणि समोरचा उंच, किडकिडीत मुलगा बगलेत साड्यांचं गाठोडं धरून माझ्या डोक्यावरून मागे बघत होता. त्याच्या फोनवर माझाच फोटो होता. म्हणजे... माझा म्हणायचा, इतकंच. गोरीपान, हनुवटी टोकदार, गाल आत गेलेले आणि नाक दुसऱ्याच कुणाच्या घराण्यातलं.

"सुट्टीवर आहे," मी घास गिळून म्हणाले.

असं का म्हणाले कोण जाणे. खरं सांगू? हा आपल्याला किती वेळ ओळखत नाही, ते मला बघायचंच होतं.

मी हर्षदा, राहणार डिंडोली. पर्वत पाटियाजवळच्या, गुजराती साडीवाल्यांच्या मार्केटमध्ये धर्मेंद्रभाईंच्या दुकानात रोज बारा वाजता साड्या नेसून फोनसमोर उभी राहते. शेजारी चंचल बसून कमेंट वाचते, ऑर्डरी लिहून घेते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'साड़ी अच्छी है, लड़की बदलो.' दुसऱ्याने माझ्या दंडांवर विनोद केला आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी मी फोनमधला फिल्टर चालू केला. चार महिने झाले, तो बंद केलाच नाही. हे फक्त मला आणि चंचलला माहीत. बघणारे वाढले, धर्मेंद्रभाई खूश. आईने मात्र एकदाच व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, "पोर देखनी शे, पन मनी नही." म्हणजे माझी नाही. मी हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

तर हा मुलगा. नाव ललित, एका डाइंग मिलमध्ये रंग जुळवणारा. आमच्याकडे रीत अशी, की साडीचा रंग पक्का झाला की मिलवाला कापडाचा एक तुकडा कापतो आणि त्याचे दोन भाग करतो. अर्धा मिलमध्ये राहतो, अर्धा दुकानात. पुढे भांडण झालंच तर दोन्ही अर्धे खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवायचे, म्हणजे खरंखोटं कळतं. आता भांडण झालं होतं. डाळिंबी रंगाच्या साड्या गठ्ठ्यागठ्ठ्याने परत येत होत्या. व्हिडिओत गुलाबी, पार्सलमध्ये डाळिंबी, अशी एकजात तक्रार. धर्मेंद्रभाईंनी सरळ मिलच्या नावाने बोटं मोडली होती.

ललितने त्याचा अर्धा तुकडा काढला, मी ड्रॉवरमधला आमचा दिला. खिडकीशी दोन्ही एक झाले, शिवण दिसू नये इतके.

"मग गुलाबी आलं कुठून?" तो स्वतःशीच म्हणाला.

मी भाकरीचा डबा बंद केला. कारण मला त्याच क्षणी कळलं होतं. ज्या फिल्टरने मला उजळ केलं, त्यानेच साडीही उजळ केली होती.

"त्या बेनच्या अंगावरच बघायला हवी. घडीत रंग वेगळा दिसतो, माणसावर वेगळा," ललित म्हणाला.

"मी चालेन?" मी त्याच्या गाठोड्यातल्या डाळिंबी साडीचा पदर खांद्यावर टाकला.

तो बघत राहिला. साडीकडेच बघत असावा... असं मी स्वतःला सांगितलं. मग हळूच म्हणाला, "हां. हाऊच रंग. हाच."

"तुम्ही अहिराणी बोलता?"

"घरमा बोलस. आम्ही अमळनेरचे. तुम्ही?"

"पारोळा."

तेवढ्यात खिडकीतलं ऊन गेलं. त्याने आभाळाकडे बघितलं. "ढग आले. ढगात रंग बघत नाहीत. उद्या येतो."

उद्याही ढग आले. मग दोघं चहा प्यायलो. मी निऱ्या करताना पिना तोंडात का धरते, हे त्याने विचारलं. त्याची नखं कायम निळी का, हे मी विचारलं. तिसऱ्या दिवशी चक्क ऊन होतं.

"आज तर लख्ख आहे," मी म्हणाले.

"माझ्या बाजूला ढग आहेत," तो म्हणाला, आणि खुशाल स्टुलावर बसला.

चंचलने मला कोपराने ढोसलं. मी लाल झाले असणार, पण सावळ्या रंगाचा एक फायदा असतो, लगेच कुणाला कळत नाही.

पण एक प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. शेवटी विचारलंच. "ती फोनमधली... तुम्हाला आवडली वाटतं?"

तो म्हणाला, "सांगता येत नाही. तिचा गाल, गळा, दंड, सगळं एकाच रंगाचं आहे. इतका एकसारखा रंग यावा म्हणून आम्ही कापडासाठी मरमर मरतो. माणसाला कशाला पाहिजे तो?"

मी उगाच घडी मोडून पुन्हा घातली.

जाताना तो सहज बोलल्यासारखं बोलला, "उद्या मिलच्या रंगमास्तरांना कागद द्यायचाय. फरक कशाने पडला ते लिहून. रंगाला पसंतीची सही माझी होती ना... कारण नाही सापडलं, तर रंगाच्या टेबलावरून उठवतील. मग भट्टीवर."

"मग काय लिहिणार?"

"बघतो," म्हणाला आणि जिना उतरला.

त्याचं टेबल जाणार होतं ते माझ्या चेहऱ्यापायी. आणि चेहरा दाखवला तर माझं काम जाईल, हे मला दिसत होतं. शिवाय ती हसऱ्या तोंडांची रांग. तिची भीती कामाहून जास्त होती, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी बाराला मी डाळिंबी साडी नेसले. चंचल म्हणाली, "चालू करू?" मी म्हणाले, "थांब." बोट फिल्टरवर ठेवलं. बंद केला.

फोनमध्ये मी दिसले. गोल चेहरा, कपाळावर घाम, दंड जिथल्या तिथे.

"साड़ी वही है," मी म्हणाले. "लड़की भी वही है. फ़िल्टर मैंने लगाया था. रंग की ग़लती मिल की नहीं, मेरी है."

बघणारे दोन हजारांचे सहाशे झाले. हसरी तोंडं आलीच, चुकतात कशाला? मी पदर पसरून दाखवत राहिले. मग चंचलने एक कमेंट वाचली, "ताई, मी पण सावळी आहे. हा रंग माझ्यावर असाच दिसेल का?"

"असाच दिसेल," मी म्हणाले, आणि पदर फोनच्या आणखी जवळ नेला.

लाइव संपलं तेव्हा धर्मेंद्रभाई मागेच उभे होते. "पहेलां केम न कीधुं?" आधी का नाही सांगितलंस, एवढंच बोलले. गल्ल्यापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "रिटर्न मने न पोसाय, बेन. कालथी आम ज राखजे." परत आलेला माल परवडत नाही, उद्यापासून असंच ठेव.

दारात ललित उभा होता, हातात मास्तरांना द्यायचा कागद. किती वेळ उभा होता, देव जाणे. मी कागद ओढूनच घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'रंग बरोबर आहे. फरक का पडला ते समजले नाही.'

"समजलं नाही? तुम्हाला?"

"दुसऱ्याच दिवशी समजलं होतं." त्याने माझ्या डाव्या मनगटाकडे बोट दाखवलं, जिथे तव्याच्या चटक्याचा डाग आहे. "फिल्टरने चेहरा बदलला, हा डाग तसाच ठेवला. निऱ्या करताना दिसतो तो."

"मग लिहिलं का नाही? टेबल गेलं असतं तुमचं."

"चेहरा तुमचा आहे. तो लोकांपुढे मी कसा आणू?"

मी आठवू लागले. "म्हणजे... गाल, गळा, दंड म्हणालात ते..."

"तिच्याबद्दल होतं. तुमच्यासाठी."

"आणि ते ढग?"

"पहिले दोन दिवस खरे होते."

हसू आणि रडू मला एकदमच आलं. मला हा माणूस आवडला होता, पहिल्या दिवसापासून, आणि आता ते लपवायला कसलाही फिल्टर नव्हता.

त्याने तो कागद फाडला. मग खिशातून डाळिंबी कापडाचा नवा तुकडा काढला, चंचलची कात्री घेतली, मधोमध कापला आणि अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.

"एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. भांडण झालं की खिडकीशी यायचं. उजेडात."

"आणि भांडण झालंच नाही तर?"

"तरी यायचं," तो म्हणाला. मग अगदी हळू, घरच्या बोलीत, "माले हाऊच रंग आवडस, हर्षदा."

मी तुकडा मुठीत घट्ट धरला. बाहेर ढग भरून आले होते. त्याने आभाळाकडे बघितलंसुद्धा नाही.