होडीत पाणी कोण भरतं?

"माझी बायको माझं घर बुडवतेय," छापखानेवाले काका म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. "खर्चिक आहेत का फार?"

"खर्च कसला! पाण्यात बुडवतेय. खऱ्याखुऱ्या पाण्यात."

वहिनी हसल्या नाहीत. वहिनी म्हणजे खासगी तपास करणाऱ्या बाई. त्यांचं नाक इतकं तिखट, की एकदा नुसत्या शिंकेवरून त्यांनी चोर पकडला होता. शिंकही त्याची नव्हती, त्याच्या मांजराची होती. आणि भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवणं, बॅग उचलणं आणि चुकीचा अंदाज छातीठोकपणे सांगणं, ही कामं त्यांच्याकडे. देह असा, की वजनकाट्याने त्यांना लांबून येताना पाहिलं तरी काटा थरथरायला लागायचा.

"नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

काकांनी सांगितलं. जन्मभर छापखाना चालवला, मग बंद केला. घर विकलं आणि शिडाची होडी घेतली. आता उरलेलं आयुष्य नवराबायकोने होडीतच राहायचं, वारा नेईल तिकडे जायचं. झालं होतं भलतंच. रोज सकाळी होडीच्या तळात गुडघाभर पाणी. खारं, समुद्राचं.

"भोक असेल," भाऊजी म्हणाले.

"होडी पाण्याबाहेर काढून दोनदा तपासली. टाचणी जाईल एवढंही भोक नाही. मग एके रात्री हिला लेकीकडे पाठवलं आणि मी धक्क्यावरच्या बाकावर बसून पहारा केला. होडीवर चिटपाखरू नाही. सकाळी आत गेलो, तर तळ कोरडा ठणठणीत! ही असली की पाणी, ही नसली की नाही. आता तुम्हीच सांगा." काकांचा आवाज फाटला. "तिला म्हटलंय, आज संध्याकाळच्या आत लेकीकडे जा. कायमची. पण बाई, मला तिला पाठवायचं नाहीये. काय करू ते सुचत नाही."

काका पुढे निघून गेले. गाडीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "काकूच. उघड आहे."

"तुम्हाला उघड वाटलं ना? बरं झालं. एक नाव कमी झालं," वहिनी म्हणाल्या.

होडी दिसायला मोठी देखणी होती. लांब, निमुळती, पांढरीशुभ्र. पाण्याच्या जरा वर राहावा असा सभोवार रंगवलेला एक निळा पट्टा. लेक धक्क्यावर उभी होती, पाण्यापासून चांगली दूर, एका खांबाला धरून.

"तुम्ही आत नाही येत?" वहिनींनी विचारलं.

"होडी हलताना नुसती बघितली तरी मला उलटी होते. बाबांनी घेतल्यापासून पाऊल नाही टाकलं. आईला दुसरी होडी आवडली होती, रुंद, ढोल्या पोटाची. म्हणाली, हिच्यात संसार मावेल. बाबा म्हणाले, ती म्हैस आहे म्हैस, ही हरणी बघ! तुम्ही काहीतरी करा हो. दोघंही रडतात, आणि दोघंही मलाच फोन करून रडतात."

होडी विकणारा दाढीवाला शेजारीच दुसऱ्या होडीचा दोर गुंडाळत होता.

"लोक म्हणतात, तुम्हाला ही होडी स्वस्तात परत हवीय," वहिनी बेधडक म्हणाल्या.

"मला? अहो, ही जाईपर्यंत माझे केस पिकले! पळायला छान, राहायला लहान. काकांना मी तेच सांगितलं, ऐकतील तर शपथ. पण माल खणखणीत दिलाय. विकायच्या दिवशी तळातला पंपसुद्धा लावून दाखवला. डाव्या अंगाच्या त्या भोकातून पाणी असं उडालं, की इथे धक्क्यावर माझ्या बुटांची वाट लागली."

"भाऊजी, जरा वाकून बघा. निळा पट्टा दिसतो का?"

भाऊजी महत्प्रयासाने वाकले. "उजवीकडे चांगला चार बोटं दिसतोय. डावीकडे नाहीच. रंगाऱ्याने कामचुकारपणा केलाय, वहिनी."

"रंगारी सापडला की विचारू," वहिनी म्हणाल्या आणि होडीत उतरल्या.

आत काकू बाकावर बसल्या होत्या. शेजारी भरलेली पिशवी.

"या. मीच ती पाणी ओतणारी," काकू म्हणाल्या. "बघा, हा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायला लेकीकडे जावं लागतं. मी समुद्र उपसून आत आणणार! सोळा वर्षांची असते तर आणलाही असता, यांच्या डोक्यावर ओतायला."

काका खाली मान घालून उभे.

"रात्री झोपण्याआधी काय काय करता?" वहिनींनी त्यांना विचारलं.

"दिवसभराचं धुण्याअंघोळीचं पाणी तळात साठतं. ते पंपाने काढतो, पंप बंद करतो, झोपतो. सकाळी पुन्हा समुद्र. तोवर बॅटरी उतरलेली, मग बादलीने उपसत बसतो."

"पहाऱ्याच्या रात्री पंप लावला होता?"

"मी आत नव्हतोच. कसा लावणार?"

"झोपतं कोण कुठे?"

"मी उजवीकडे, हे डावीकडे," काकू म्हणाल्या. "आणि त्यांची गादी मला झटकूही देत नाहीत. म्हणे, पाठीला सवयीचा खळगा पडलाय."

वहिनींनी काकांकडे एकवार पाहिलं. मग तळात चार बादल्या पाणी ओतायला लावलं.

"भाऊजी, डावीकडच्या गादीवर आडवे व्हा."

"आत्ता? दिवसाढवळ्या?"

"एरवी दुपारी सांगावं लागत नाही."

काका पुढे धावले. "नको! गादी खराब होईल!" पण भाऊजी पसरले होते. होडी डावीकडे कलली, जशी एखादी म्हातारी कुशीवर वळावी.

"वहिनी, खाली दगड आहेत की काय? टोचतंय."

"टोचू द्या. काका, पंप लावा."

पंप घरघरला. बाहेरून लेक ओरडली, "आई, नुसते बुडबुडे येतायत!" तळ कोरडा झाला. वहिनींनी पंप बंद करायला लावला आणि ओठांवर बोट ठेवलं.

गुळगुळ. गुळगुळ. पंपाच्या तोंडातून पाण्याची धार तळात येऊ लागली. कोणी हात लावला नव्हता. भाऊजींचे पाय आपोआप वर गेले.

"हाच तुमचा चोर," वहिनी म्हणाल्या. "डब्यात नळी घालून पेट्रोल काढतात ना? एकदा नळी भरली की पाणी वरून खाली वाहतच राहतं. या पंपाची नळी होडीच्या डाव्या अंगातून बाहेर पडते. विकायच्या दिवशी ते भोक पाण्याच्या वर होतं, म्हणून दाढीवाल्याचे बूट भिजले. आज डावा पट्टा पाण्याखाली आहे, आणि भोक पाण्याला टेकलंय. त्यात तुम्ही रात्री डावीकडे झोपता. भोक बुडतं. पंप बंद केला की भरलेल्या नळीतून समुद्र उलटा आत. सकाळी तुम्ही उठता, भोक वर येतं, नळीत हवा शिरते, धार थांबते. पहाऱ्याच्या रात्री पंप लागला नाही, गादीवर कोणी नव्हतं, म्हणून तळ कोरडा. काकू नव्हत्या म्हणून नव्हे."

"म्हणजे रोज मीच..." काका पुटपुटले.

"पण माझ्या वजनाने कलली ती," भाऊजी म्हणाले. "काका तर काडी आहेत."

"आज पहिल्यांदा बरोबर बोललात. काका काडी, आणि होडी रिकामी असतानाही डावीकडे कललेली. मग वजन कुणाचं? तुम्हाला टोचणारे दगड कसले? काका, गादी तुम्ही उचलता की मी उचलू?"

काकांनी उचलली नाही. भाऊजी उठून बाकावर बसले, तशी काकूंनी ती एका हाताने ओढली. खालच्या, पेट्यांच्या कोपऱ्यांनी वर उचललेल्या फळ्या काढल्या. पेट्याच पेट्या. त्यांत छपाईचे शिशाचे खिळे, एकेक अक्षर, काळंभोर, खच्चून भरलेलं.

"हे वितळवायला दिलं म्हणाला होतात," काकू म्हणाल्या.

"न्यायला निघालो होतो. म्हटलं, सगळे नाही तर थोडे तरी ठेवू. पण कुठलं अक्षर टाकायचं, ते ठरेना. एकही नको असलेलं निघेना."

"आणि माझं शिलाईचं मशीन? जड होतं. होडीला झेपणार नाही म्हणालात. माझ्यासमोर भंगारवाल्याला देऊन टाकलंत."

एक खिळा बाहेर घरंगळला होता, काकांनी तो उचलून पेटीत ठेवला.

"मला हाकलत होतात," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली म्हणून सांगावं तसा. "या खिळ्यांना सांभाळत होतात."

भाऊजींनी वहिनींच्या कानाशी तोंड नेलं. "वहिनी, आता यांना काहीतरी सांगा ना."

"पाणी कोण भरतं ते सांगितलं. पुढचं मला येत नाही, भाऊजी."

काकूंनी एका पेटीची कडी धरली. पेटी हलली नाही. पुन्हा ओढली. भाऊजी उठायला लागले, तशी वहिनींनी त्यांची बाही धरून खाली बसवलं. मग काकांनी पलीकडची कडी धरली.

दोघांनी मिळून पेटी पायऱ्यांवरून वर नेली, धापा टाकत, एकमेकांकडे न बघता. होडी खालून हलकी झाल्यासारखी डुलली. वर धक्क्यावर दोघं थांबले, पेटी मध्ये धरून.

"कुठे ठेवू?" काकांनी विचारलं.

काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. धक्का, पाणी, लोकांच्या होड्या.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "घर कुठाय आपल्याला?"

आणि दोघं तसेच उभे राहिले. पेटी जड होती, पण खाली ठेवायला कोणीच तयार होईना.