नदी शेवटी समुद्रालेच जाते

ही गोष्ट खरी आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आज आहे की नाही, ते विचारू नका. ज्याले हसायचं त्यानं खुशाल हसावं.

गेल्या दिवाळीची गोष्ट. मेहकर, आमचं घर. मी देवेश, एका ऑफिसात क्लार्क. बायको प्रतिमा, आणि नववीतली पोरगी भार्गवी.

आणि माझी आई, सत्यभामाबाई. ती त्याच वर्षी वैशाखात वारली.

ती होती तेव्हापासूनच आमचा डहाणूचा बेत चालला होता. समुद्र पाहायचा, महालक्ष्मीचा डोंगर चढायचा, वारली पाड्यावर लहानूभाऊ नावाच्या माणसाच्या घरी राहायचं. भार्गवीले ती वारली चित्रं शिकायची होती. वहीच्या मागच्या पानांवर नुसती काड्यांची माणसं, हातात हात धरून नाचणारी.

आई म्हणाली, "मीबी येतो. समुद्र कसा असते, पाहून घेतो एकडाव."

मी हसलो. "आई, डोंगर हाय तो. तुह्ये गुडघे पाह्य आधी!"

दुसऱ्या दिवसापासून ती काठी घेऊन गच्चीचा जिना चढायले लागली. रोज संध्याकाळी.

टक... पाय. टक... पाय.

वर पोचली की ओरडायची, "देवेश, न थांबता चढली रे!"

मग वैशाखात ताप आला आणि आठवड्यात खेळ खलास.

दहाव्याले पैनगंगेच्या घाटावर पिंडाले कावळा शिवेना. ऊन असं, की डोकं फुटावं. भाऊबंद ताटकळले होते. पुंजाजीकाका म्हणे, "अबे, तिच्या मनात काई राह्यलं असन. बोल काईतरी."

काय राहिलं होतं ते मले माहीत होतं. हात जोडले. "आई, तुले समुद्र दाखवतो. शब्द देल्ला."

कावळा खाली आला...

झटकन. एवढ्याचीच वाट पाहत होता जसा.

काकांनी थोड्या अस्थी लाल फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. "समुद्रात सोडजो. तवर घरात नको नेऊ." मी ते फडकं परसातल्या लिंबाच्या झाडाले टांगलं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं माझं कर्म.

दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं निघाली. भार्गवीले डोंगरासाठी बूट आणले, प्रतिमानं उन्हाची टोपी घेतली. घरात दुसरा विषय नव्हता. पण परसात गेलं की ते फडकं दिसायचं. माझ्या मनात यायचं, पोरगी पहिल्यांदा समुद्र पाहणार, अन् आपण बॅगेत हाडं घेऊन फिरायचं? तिथं भटजी शोधा, आंघोळी करा, रडारड. सगळ्या सहलीचा विचका.

एका सकाळी ऑफिसले जाताना फडकं सोडलं आणि पैनगंगेच्या पुलावरून खाली टाकून दिलं. स्वतःलेच समजावलं, नदी शेवटी समुद्रालेच जाते ना! प्रतिमाले सांगितलं, काकाकडे ठेवल्या, जाताना घेऊ.

पाण्याचा आवाजसुद्धा आला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी...

टक... पाय. टक... पाय.

गच्चीच्या जिन्यावर.

मी धावलो. जिना रिकामा. आईची काठी कोपऱ्यात, जिथल्या तिथं. भार्गवी दारात उभी होती. चेहरा पांढराफटक.

"बाबा, आजी चढून राह्यली होती ना?"

"मांजर असन. जा, अभ्यास कर," मी डाफरलो.

मग ते रोजचंच झालं. प्रतिमा देवापाशी दिवा लावून बसायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. एक गोष्ट मात्र ध्यानात आली.

पावलं वर चढायची...

उतरायची कधीच नाहीत.

मग लहानूभाऊंचा फोन आला. "साहेब, तुम्ही तिघं माळ्यावर राहा. आजींची सोय खाली करतो. चालेल ना?"

"कोणत्या आजी?"

"परवा प्रतिमाताई माझ्याशी फोनवर बोलत होत्या, तेव्हा मागून आजी म्हणाल्या ना... गुडघे बरे आहेत आता, डोंगर चढते म्हणून."

मी फोन ठेवून दिला.

मी बेतच मोडला. रजा नाही मिळाली, असं घरी सांगितलं. भार्गवीनं नवे बूट पलंगाखाली ढकलून दिले. रडली, धड जेवली नाही. तरी खरं सांगायचा धीर मले झाला नाही.

त्या दिवसापासून जिना गप्प झाला.

मले वाटलं, चला, सुटलो.

भाऊबिजेची दुपार. माझी बहीण जयमाला ओवाळून राह्यली होती. फोन वाजला. लहानूभाऊ!

"साहेब, आजी पोचल्या बरं का. किनाऱ्यावर बसल्यात. घरी चला म्हटलं, तर हलत नाहीत. तुम्ही मागून येताय ना?"

जयमालाच्या हातातलं ताट तसंच थांबलं होतं.

"लई थकल्यात. गाडीनं आलात का, विचारलं. तर म्हणाल्या..."

मागे लाटांचा आवाज येत होता.

"म्हणाल्या, नाही बाबा. पोरानं नदीत सोडलं. ती नदी इकडं येतच नाही, पूर्वेच्या समुद्राला जाते. लई फेरा पडला."

पुलाचं कोणालेच माहीत नव्हतं. ना प्रतिमाले, ना काकाले.

"आणि विचारतात, माझी माणसं कधी येतील?"

मी फोन बंद केला. जयमालानं विचारलं, कोण होतं? म्हटलं, राँग नंबर.

आता पुन्हा दिवाळी जवळ आली आहे. भार्गवी विचारते, "बाबा, यंदा डहाणू?" मी विषय बदलतो. प्रतिमाले पुलाचं अजून सांगितलं नाही. आईले शब्द देऊन मी तिले फसवलं, अन् ती बिचारी एवढ्या फेऱ्यानं गेली, तरी तिथं आपलं कोणी नाही. कोणत्या तोंडानं जाऊ तिच्यासमोर?

लहानूभाऊंचा नंबर अजूनही अधूनमधून वाजतो...

मी उचलत नाही. ते काय विचारतील, मले माहीत आहे.